पुढचं डावं टोक

शनिवार, १५ ऑक्टोबर

या दोन हातांनी केलेल्या वस्तू, आजमितीला:

तपासणीचा खड्डा. लांबी चार मीटर वीस, खोली एक मीटर बासष्ट. आतून आपल्या सल्त गावचाच पिवळा दगड. मी सरळ उभा राहिलो तर डोक्यावर आठ बोटं जागा उरते, म्हणून वीस वर्षांत मान दुखली नाही.

हातोडी. ऑलिव्हच्या लाकडाची, वजन तीनशे चाळीस ग्रॅम. पत्र्याला इजा करत नाही, फक्त त्याला बोलायला लावते.

मोजकाठी. जुन्या खिडकीच्या ॲल्युमिनियमची. मिलिमीटरच्या खुणा सुईने कोरलेल्या.

दिवा. पहिला पाच बल्बांचा होता, मग सात, यंदा नऊ. हल्लीच्या बल्बांत पूर्वीसारखा उजेड राहिलेला नाही.

शिक्का. ट्रकच्या टायरच्या रबरातला. पहिल्या खेपेस अक्षरं सरळ कोरली आणि कागदावर उलटी उमटली. तो तुकडाही ठेवलाय.

तपासणीचा कागद. एकसष्ट ओळी, सगळ्या मी ठरवलेल्या. वरच्या सात ठळक: चॅसीची चार टोकं, इंजिन, गिअर, मागचा ॲक्सल. या सातांपुढे चारच शब्द येऊ शकतात. जय्यिद म्हणजे निर्दोष, मग टिचकी, मग मार आणि शेवटी कापीव, म्हणजे कापून जोडलेलं. गाडी विकणारा आधी एवढंच सांगतो, "सात जय्यिद, मुफ्लिहचा कागद आहे," आणि घेणारा खिशात हात घालतो.

शाळा सहावीपर्यंत. कुणा उस्तादाच्या हाताखाली राहिलो नाही. जे येतं ते गाड्या उघडून आलं.

ही यादी लिहायचं कारण असं की आज एका माणसाने माझाच कागद माझ्या नाकासमोर धरला. मला माझ्याबद्दल जे पक्कं ठाऊक आहे ते एकदा लिहून काढावंसं वाटलं. मुलाने, सनदने, कुवेतहून ही वही पाठवली तेव्हापासून ती कोरीच होती.

सकाळी दहाला गाड्यांचा व्यापारी अबू राकान एक करडी गाडी घेऊन आला. उंच बांध्याची, पाच जणांची, लहान कुटुंबाला पुरेल अशी, पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची. बरोबर गिऱ्हाईक होतं, उस्ताद वासिफ. वादीच्या, म्हणजे दरीच्या, उतारावरच्या शाळेत गणित शिकवतात. मी पुढचं उजवं टोक ठोकलं. हातोडी टण्ण वाजली. डावं ठोकलं तर टप्प. पुन्हा ठोकलं. पुन्हा टप्प.

"डावीकडे काहीतरी आहे," मी म्हणालो.

अबू राकान हसला. मला सगळे मुअल्लिम म्हणतात, कारागीर म्हणून; तोही म्हणतो. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. "मुअल्लिम, उगाच घाम गाळू नकोस. हा बघ. अक्षर कुणाचं?"

"माझं."

"शिक्का?"

"माझा."

"मग स्वतःशीच कशाला भांडतोस?"

कागद क्रमांक ११४७, तारीख २४ मे २०१८. सात जय्यिद. घरी येऊन माझ्याकडची प्रत काढली. अक्षर बारीक वाटलं म्हणून बायकोकडून, नुहाकडून वाचून घेतलं. तेच. पुढचं डावं टोक: जय्यिद.

मी गाडी आठवडाभर ठेवून घेतली आहे. अबू राकान म्हणाला, "ठेव की, महिनाभर ठेव. कागद तुझा, गाडी तुझी, मी कोण बोलणारा?"

माझा कागद आजवर खोटा पडलेला नाही. गाडी नंतर कुठेतरी आपटली असणार. ते सिद्ध करायचं.

रविवार, १६ ऑक्टोबर

डावं टोक बाजूला ठेवून आज बाकी सगळी गाडी तपासली. एका दोषावर रागावून गाडीवर अन्याय करणं मला आवडत नाही.

उस्ताद वासिफ आईला घेऊन आले होते. हज्जा फिद्दा, वय ऐंशीच्या पुढे, चाकांच्या खुर्चीत. दवाखान्याला आठवड्यातून दोनदा जावं लागतं आणि टॅक्सीवाले त्यांच्या उतारावर यायला नाही म्हणतात. वासिफांची जुनी गाडी गेल्या महिन्यात गेली.

शाळेमागच्या चढावर नेली. तो चढ मी ओळंबा लावून मोजलेला आहे, पाच मीटरला एक मीटर. मध्यावर थांबवली. हातब्रेक ओढला. वासिफांना म्हटलं, इथून तुम्ही पुढे काढा.

मागून हज्जा म्हणाली, "वासिफ, ही पण मागे सरकते का, तुझ्या बापाच्या गाढवासारखी?"

"आई, गप्प बस, मला ऐकू येत नाही."

"गाढवसुद्धा असंच म्हणायचं."

गाडी तसूभरही मागे आली नाही. क्लच जमिनीपासून चार बोटांवर पकडतो, थरथर नाही, करपल्याचा वास नाही. दुसऱ्यात चढ संपवला, तिसऱ्यात टाकून पाहिला, गुरगुर नाही. रिव्हर्ससाठी दांड्याखालची कडी उचलावी लागते, ती घट्ट आहे. उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी आपणहून आवरते, ब्रेकला पाय लावायची गरज नाही. हज्जाचा रस्ता असाच आहे.

बाजारात या गाडीला भाव नाही, कारण साधा गिअर. "साधा" म्हणताना लोक नाक मुरडतात. ऑटोमॅटिकवाला चढावर गाडीला विनंती करत बसतो आणि गाडी तिच्या सवडीने ऐकते. इथे तुम्ही सांगता आणि ती करते. वासिफांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मुअल्लिम, मी घेतोय कारण परवडते." ठीक आहे. कारण कोणतंही असो.

बसायची जागा जमिनीपासून बासष्ट सेंटीमीटर. हज्जाने मोजकाठी लावू दिली नाही, स्वतः बसून दाखवलं. खुर्चीतून सरळ सरकली. खाली वाकावं लागलं नाही की वर चढावंही लागलं नाही.

"ही गाडी कुणी बनवली?" तिने विचारलं.

"परदेशात, हज्जा."

"त्याच्या घरी म्हातारी असणार."

डिकीत खुर्ची घडी करून आडवी बसते, पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या की. मागे तीन मुलं बसली तरी गुडघ्यापुढे माझी एक मूठ आणि अंगठा उरतो. इंजिनच्या चारी सिलिंडरचा दाब सारखा. मागचा ॲक्सल सरळ. मागची दोन टोकं आणि पुढचं उजवं टोक जय्यिद. गिअर जय्यिद, आणि हा शब्द मी हल्ली गिअरपुढे फारसा लिहीत नाही.

सातातली सहा.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

माझा कागद घेऊन २०१८ मध्ये ही गाडी शेजारच्या फुहैसच्या एका औषधवाल्याने अबू राकानकडूनच घेतली होती. गेल्या महिन्यापर्यंत तोच चालवत होता. त्याला फोन केला.

"कुठे आपटली का?"

"मुअल्लिम, मी चाळीसच्या वर जात नाही. बायको हसते मला."

"दगड? नाला? खड्डा?"

"एकदा मांजर आडवं आलं."

"आपटलं?"

"नाही, मी थांबलो. मग ते गेलं. मग मी गेलो."

असल्या माणसाशी वाद घालता येत नाही. पण एक गोष्ट त्याने सांगितली. घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने खालून सगळीकडे काळा डांबरी थर मारून घेतला, गंजू नये म्हणून. तो थर आजही आहे, मी पाहिला, कुठे भेग नाही.

म्हणजे थराखाली जे असेल ते माझ्या तपासणीच्या वेळचं.

बुधवार, १९ ऑक्टोबर

थर खरवडायला वेळ झाला नाही. दिव्याला दहावा बल्ब लावला.

गुरुवार, २० ऑक्टोबर

जेवणापूर्वी खड्ड्यात उतरलो. रॉकेलचं फडकं, लाकडी पट्टी, आणि सबुरी. थर बोटभर रुंदीने निघत गेला. खालचा पत्रा दिसू लागला. मला एक रेघ असल्यासारखं वाटलं आणि नसल्यासारखंही वाटलं. दिवा जवळ घेतला तर चमक येत होती, लांब धरला तर रेघ विरत होती.

नुहा जेवण घेऊन आली. मुजद्दरा, म्हणजे मसूरभात, आणि दही. वरून हाका मारत राहिली.

"अबू सनद! गार होतंय!"

"खाली ये."

"मी? खड्ड्यात? या झग्यात?"

"एक नजर टाकून जा. दुसरा साक्षीदार असावा."

ती उतरली. पायऱ्याही मीच केलेल्या, ती कुरकुरली की त्या उंच आहेत. मी दिवा धरला आणि म्हटलं, इथे मला एक रेघ वाटते, तुला वाटते का?

"रेघ कसली?" ती म्हणाली. "शिवण आहे. चांगली बोटभर जाड. कुणीतरी इथे तुकडा जोडलाय. आंधळ्यालासुद्धा हात लावून कळेल."

हात लावला. कळलं. कापून जोडलेली होती, वर पुट्टी, त्यावर रंग. कारखान्यात टाके ठरावीक अंतरावर येतात. हे सलग वेल्डिंग, हाताने केलेलं, घाईत घासलेलं.

मी म्हणालो, "बरोबर. हे नंतरचं आहे. औषधवाला खोटं बोलतोय."

नुहा अजून तिथेच वाकून बघत होती. "हा ठिपका कसला?"

टोक तपासून झालं की मी त्यावर एक ठिपका ठेवतो. कुणाला सांगत नाही. माझी माझ्यापुरती खूण. दर वर्षी रंग वेगळा, जो हाताला लागेल तो.

"हा माझा पिस्ता आहे," नुहा म्हणाली.

"काय?"

"नखांना लावायचा. आपल्या रवानच्या साखरपुड्याला अम्मानहून आणला होता, आठवतं? एकदा लावला आणि दुसऱ्या दिवशी बाटली गायब. तुम्ही म्हणालात, पडून फुटली."

"फुटली नव्हती."

"ते मला तेव्हाच कळलं होतं. इथे आहे ती."

रवानचा साखरपुडा २०१८ च्या वसंतातला. ठिपका शिवणीवर होता. अर्धा वेल्डिंगवर, अर्धा पत्र्यावर, आणि मधे कुठे तुटलेला नव्हता. आधी शिवण, मग ठिपका. उलटं होऊच शकत नाही.

तरी मी म्हणालो की ठिपका दुसरा कुणीही ठेवू शकतो. रंग कुणाकडेही असतो. म्हणालो की वेल्डिंग करताना रंग वितळून परत बसला असेल. अजून काहीतरी म्हणालो, आता आठवत नाही.

"मुफ्लिह," ती म्हणाली. एवढंच.

ती मला नावाने हाक मारते ती वर्षातून एखाद्या वेळी; एरवी मी अबू सनद, सनदचा बाप. मी दिवा खाली ठेवला. जेवण खड्ड्यातच, गार झालेलं, दोघांनी खाल्लं.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

दुकान बंद. ऑलिव्ह उतरवायला शेतावर जायचं होतं, गेलो, पण दोन झाडांपुढे हात चालला नाही.

त्या दिवसाचा हिशोब लावला. २४ मे २०१८ म्हणजे रमजानचा आठवा दिवस. त्या दिवशी मी पाच गाड्या तपासल्या होत्या आणि घरी येऊन नुहाला तसं अभिमानाने सांगितलं होतं. ११४७ हा पाचवा कागद. अबू राकान रमजानात नेहमी संध्याकाळीच यायचा, रोजा सुटायला दहा-पंधरा मिनिटं असताना, हातात खजुरांचा डबा घेऊन. मोठ्या मनाचा माणूस. बाकीचे व्यापारी सकाळी येऊन रिकाम्या हाताने माझा वेळ खायचे. अजान झाली की दोघं तिथेच खड्ड्याच्या काठावर रोजा सोडायचो. म्हणजे मी शेवटचं टोक घाईने बघितलं. घाई आणि उपास. दुसरं कारण मला सापडत नाही.

दुपारची नमाज झाल्यावर मशिदीबाहेर अबू राकान भेटला. मी त्याला सांगितलं काय सापडलं ते. त्याचा चेहरा हलला नाही.

"कुणी बघितलं?"

"मी आणि नुहा."

"म्हणजे कुणीच नाही." खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं. "ऐक, अबू सनद. मी तुला जय्यिद लिही म्हणत नाही. मी काय मुसलमान नाही? टिचकी लिही. पुढचं डावं टोक: टिचकी. मास्तर दोनशे दिनार कमी करायला लावेल, मी तीनशे कमी करेन, म्हातारी गाडीत बसेल. तुझा जुना कागदही वाचेल. चार वर्षांत एखादी टिचकी कुठल्या गाडीला बसत नाही?"

"ती कापलेली आहे."

"चार वर्षं चालली ना? मोडली?"

"औषधवाला मांजराला वाट देतो. त्याला वेळच आली नाही."

"मग मास्तरलाही येणार नाही. मास्तर आहे तो. फळ्याच्या पलीकडे कुठे जातोय?"

खरं लिहायचं तर, घरी येईपर्यंत टिचकी हा शब्द मी मनातल्या मनात त्या ओळीत तीनदा लिहून पाहिला. चांगला दिसतो. छोटा आहे. त्याने कुणाचंच वाईट होत नाही असं वाटतं. वासिफांना गाडी मिळते, हज्जाला दवाखाना मिळतो, माझा शिक्का शाबूत राहतो. समोरून काही आदळलं तरच ते टोक घडी होऊन आत येईल, आणि तिथे बरोबर चालवणाऱ्याचे पाय असतात. हे मी जाणतो. वासिफ जाणत नाहीत. म्हणूनच ते माझ्याकडे आलेत.

उद्या लिहायचं. ठरलं.

शनिवार, २२ ऑक्टोबर

सगळ्यांना दहाला बोलावलं होतं. अबू राकान, वासिफ, आणि हज्जा, जिला कुणी बोलावलं नव्हतं.

कागद सगळ्यांसमोर भरला. सहा ओळींपुढे जय्यिद. सातव्या ओळीपुढे जागा पुरली नाही, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. जसंच्या तसं इथे उतरवतो:

"पुढचं डावं टोक: कापीव. हे टोक २४ मे २०१८ पूर्वीच कापून जोडलेलं होतं. त्या दिवशी मी तपासलं आणि मला दिसलं नाही. माझा कागद क्रमांक ११४७ या ओळीत चुकीचा आहे. मुफ्लिह."

शिक्का मारला. मग मोठ्याने वाचून दाखवलं, कारण वासिफ कागद हातात घ्यायला तयार नव्हते.

"म्हणजे घ्यायची नाही," ते म्हणाले.

"मी असतो तर आईला आणि मुलांना घेऊन तीत बसलो नसतो."

"आठ दिवस, मुअल्लिम! आठ दिवस मी थांबलो. सोमवारी दवाखान्याची वेळ आहे. मुलांना रंगसुद्धा सांगून ठेवलाय. हेच तुम्हाला शनिवारी सांगता आलं नसतं? टप्प वाजलं होतं ना?"

वाजलं होतं. आठ दिवस मी त्यांची गाडी तपासत नव्हतो, माझा कागद सोडवत होतो, हे त्यांना सांगितलं.

अबू राकानने किल्ली मागितली. तपासणीची फी दिली नाही, मीही मागितली नाही. गाडीत बसताना म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही. स्वतःच्याच डोक्यात हातोडी घालतोस, आणि वर वजन सांगतोस, तीनशे चाळीस ग्रॅम."

तो गेल्यावर हज्जा म्हणाली, "मला इकडे ढकल." वासिफांनी खुर्ची माझ्यापर्यंत आणली.

"तुला वाचता येतं का रे?"

"सहावीपर्यंत, हज्जा."

"मला येत नाही. हा शिकवतो दुसऱ्यांच्या पोरांना, आणि मला अजून सहीच्या जागी अंगठा लावायला लावतो." मग खुर्चीवरून वाकून तिने माझ्या कागदावर बोट ठेवलं, बरोबर शिक्क्यावर. "यातलं तुझं नाव कुठे आहे ते दाखव."

दाखवलं.

"बरं," ती म्हणाली. "आता मला दुसरी गाडी शोध. बसायला अशीच उंच. आणि साध्या गिअरची, याला दुसरी परवडत नाही. मी मरायच्या आत शोध."

वासिफ हसले नाहीत, पण जाताना म्हणाले की फोन करा.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

दुकानाच्या दारावर कागद लावला. "२०१८ च्या वसंत आणि उन्हाळ्यात माझ्याकडून तपासलेल्या गाड्या मी पुन्हा तपासून देईन. पैसे नाहीत." अक्षर मोठं काढलं, लांबून मलाही वाचता येईल असं.

टायरवाला शेजारी वाचून आत आला. "अबू सनद, बरं नाही का तुला? स्वतःच्या दारावर स्वतःचा मृत्युलेख कोण लावतं?"

दिवसभरात एकही नवी गाडी आली नाही. एरवी मंगळवारी चार येतात.

नुहाने गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली आहे. तिचे डोळे चांगले आहेत. शिवण तिला माझ्याआधी दिसली. कशाला जायचं विचारलं तर म्हणाली, तुम्ही फक्त सोबत चला. बायकांच्या मनातलं कळत नाही. कबूल केलं आहे.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

दोन दिवसांत पाच जुन्या गाड्या परत आल्या. चार बरोबर निघाल्या, मी लिहिल्याबरहुकूम. पाचवीचं मागचं उजवं टोक मार खाल्लेलं, कागदावर जय्यिद. तीही रमजानातली, तीही संध्याकाळची, तीही अबू राकाननेच विकलेली. विचित्र योगायोग. रमजानात घाई करू नये हे पुन्हा ठळक झालं. त्या मालकालाही पाठीमागे लिहून दिलं, शिक्क्यासह. तो शिव्या देत गेला, आणि अर्ध्या तासाने परत येऊन विचारलं की माझ्या भावाचीही बघाल का.

काल डॉक्टरकडे मलाही खुर्चीत बसवलं, फुकटात असतं म्हणे. वेळ घालवायला बसलो. भिंतीवरच्या पाटीत खालच्या ओळी छपाईतच पुसट आहेत. मी त्याला तसं सांगितलंही.

अजलूनकडे एक साध्या गिअरची गाडी आहे असं कळलंय. पांढरी, त्याच बांध्याची. उद्या वासिफांना आणि हज्जाला घेऊन जायचं. हातोडी आणि दिवा बरोबर. आणि नुहा. तिला विचारलं, यापुढे दुकानात खड्ड्यात उतरशील ना? ती म्हणाली, पायऱ्या आधी नीट करा.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

परवा अजलूनच्या गाडीची चारही टोकं ठोकली. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण. मग नुहाने बोट फिरवून बघितलं, कारण आता तो माझा नियम आहे: हाताने, हातोडीने, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्याने. क्लच थोडा झिजलेला, तसं लिहिलं. हज्जा बसली, उतरली, पुन्हा बसली, आणि म्हणाली, "निघा." वासिफांनी घेतली.

आज संध्याकाळी दुकान बंद करताना अबू राकान आला. दारावरचा कागद वाचत उभा राहिला. चहा विचारला, नको म्हणाला.

"अम्मान रस्त्यावर माझा मेहुणा तपासणी केंद्र काढतोय," तो म्हणाला. "संगणक, हायड्रॉलिक जॅक, बसायला सोफे, सगळं. फक्त नाव नाही. नाव तुझं लावायचं. पाटीवर, कागदावर, शिक्क्यावर. तू खड्ड्यात उतरायचं नाहीस, खुर्चीत बसायचं आणि सह्या करायच्या. महिना आठशे."

"आणि?"

"आणि हा दारावरचा कागद काढायचा. आणि नव्या कागदाच्या मागे ११४७ बद्दल जे लिहिलंस ते लिहिलंच नाहीस. माझ्याकडची प्रत मी फाडतो, तुझ्याकडची तू. झालं. एक शब्द, अबू सनद. एका ओळीतला एक शब्द."

"नाही," मी म्हणालो.

"आकडा तर ऐक. शिक्क्याचे वेगळे देतोय तो, रोख, उद्या सकाळी."

त्याने आकडा सांगितला. मी तो पुन्हा सांगायला लावला. त्याला वाटलं मी विचार करतोय. मी वही काढत होतो. चुकीचा आकडा लिहिला जाऊ नये म्हणून विचारलं. त्याने दुसऱ्यांदा सांगितला, हळू, एकेक शब्द. मी त्याच्यासमोर लिहिला, वाचून दाखवला, बरोबर आहे का विचारलं. तो हो म्हणाला. मग मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो आणि शटर ओढलं.

नाकारलेली रक्कम: बावीस हजार दिनार.